चिखलदऱ्याचं 'हनिमून स्पेशल पॅकेज' : केक आला, कॉफी आली, कडी काही लागली नाही

आधीच सांगून टाकते, लॉजचं नाव लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता असं निघालं की मालक आमच्या ह्यांच्या मावसभावाच्या साडूचा दोस्त आहे, आणि आपल्या अमरावती जिल्ह्यात कोणाबद्दल सकाळी वाईट लिहिलं की संध्याकाळच्या चहापर्यंत ते घरी पोचतं. आणि नाव कळून फायदा पण काही नाही, चिखलदऱ्याला असे लॉज ढीगभर आहेत, सगळ्यांच्या पॅकेजमध्ये तेच ते लिहिलेलं असतं, त्यामुळं मी जे सांगते ते कुठंही बुकिंग करताना कामी येईल. माझं रेटिंग साडेतीन स्टार. त्यातले दोन एकट्या स्वयंपाकाच्या मावशीचे आहेत, मालकानं खुश व्हायचं कारण नाही.

आता आम्ही गेलो कशाला ते सांगते कारण त्याशिवाय दाराच्या कडीचं दुःख समजणार नाही. आमचं लग्न डिसेंबरात झालं, पौष लागायच्या आत उरकायचं म्हणून घाईघाईत. माहेर माझं अंजनगाव सुर्जीकडचं, सासर दर्यापूर तालुक्यात. घर तसं मोठं आहे पण दिवस कापसाचे, आणि भाव नाही म्हणून अर्ध्या गावानं कापूस घरातच भरून ठेवलेला, तसा आमच्याही घरी. ज्या खोलीला सगळे कौतुकानं नवरदेवाची खोली म्हणत होते तिच्यात छताच्या हातभर खालपर्यंत कापूस, उरलेल्या जागेत एक दिवाण, आणि दार म्हणाल तर पडदा. फुलाफुलांचा. ज्यांच्या घरात कापूस राहतो त्यांना सांगायला नको, काही दिवस पडून राहिला की अंगाला अशी खाज सुटते की झोप नाही. मेहंदीचे हात, कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि मी चार लोकांत पाहुण्यांच्या पाया पडता पडता दंड खाजवते आहे. बाहेरच्या खोलीत मांडवाचे राहिलेले अकरा पाहुणे. पडद्याच्या पलीकडं आत्या झोपलेल्या, त्यांना रात्री तीनदा पाणी लागतं आणि माठ आमच्या खोलीत.

शेवटी नणंदबाईंनीच विषय काढला, "दादा, वैनीले घेऊन चिखलदऱ्याले जाय ना दोन दिवस." सासूबाई म्हणाल्या आधी देवदर्शन. ते उरकलं. मग ह्यांनी मोबाईलवर पाहून पाहून एक पॅकेज काढलं. दोन रात्री तीन दिवस, साडेआठ हजार, अर्धे आधी पाठवायचे. फुलांची सजावट, केक, कँडल लाइट डिनर, व्हॅली व्ह्यू रूम, फिरायला प्रायव्हेट गाडी, अस्सल लोकल कॉफी. फोनवर माणूस इतका गोड बोलला की ह्यांनी त्याला लग्नाचं निमंत्रण द्यायचं तेवढं राहिलं, तेही लग्न होऊन गेलं म्हणून.

आम्ही एसटीनं गेलो. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळं कंडक्टरनं माझं अर्धं आणि ह्यांचं पूर्ण फाडलं, ते तिकीट ह्यांनी पाकिटात ठेवलंय. दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा. ह्यांचे आजोबा म्हणे याच रस्त्याला शकुंतलेनं अचलपूरला जायचे, ती झुकझुक गाडी बंद पडली, आता रुळाच्या बाजूनं बस हालत हालत जाते. अंजनगावच्या स्टॅंडवर माझा भाऊ केळीची एक फणी आणि चिवड्याचा डबा घेऊन उभा होता, खिडकीतून दिला, बोलला काहीच नाही, ह्यांना फक्त "सांभाळून जा" म्हणाला. परतवाड्याहून धामणगाव गढीवरून घाट लागतो, तीसेक किलोमीटर. मोथा गाव लागलं की रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे डबे घेऊन बाया-पोरं बसलेली दिसतात. विदर्भात स्ट्रॉबेरी पिकते हे बाहेरच्याला सांगितलं तर हसतो, पण हे ठिकाण समुद्रसपाटीपासून अकराशे मीटर वर आहे, डिसेंबरात थंडी अशी पडते की आपल्या खालच्या लोकांना कानटोपी घालूनही कान शोधावे लागतात. स्वेटर दोन न्या. एक न्याल तर माझ्यासारखं नवऱ्याचं मफलर घेऊन फिरावं लागेल, फोटोत सगळीकडं मी तपकिरी मफलरमध्ये आहे, लग्नाची नवीन साडी कुठंच दिसत नाही.

लॉजवर पोचलो आणि पहिली गंमत काउंटरवर. माझं आधार कार्ड माहेरच्या नावाचं. लग्नाला बारा दिवस झालेले, बदलणार कधी? तर तो काउंटरवरचा पोरगा, वीस-एकवीसचा असेल, मागं चार लोक उभे असताना मोठ्यानं विचारतो, "मॅरेज प्रूफ आहे का?" हातात चुडा, कपाळावर मळवटाचं कुंकू अजून पुरतं गेलं नाही, बोटांना हळद, आणि हा प्रूफ मागतो. पॅकेज हनिमूनचं विकलंय ना बाबा तूच! आमचे हे तसे कमी बोलणारे, ते नुसते लाल झाले. मीच मग पर्समध्ये हात घातला, आत राहिलेली एक लग्नपत्रिका निघाली, गणपतीचं चित्र, खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' लिहिलेली. ती त्यानं पूर्ण वाचली. मग म्हणाला, "ओके, कॉंग्रॅच्युलेशन्स." तर नवीन जोडप्यांनो, पत्रिका सोबत ठेवा, निदान मोबाईलमध्ये तरी. नियम असेल तर असू दे, पण बुकिंगच्या वेळी फोनवर सांगायला काय जातं.

रूम. आता सजावट म्हणजे गुलाब असं मला वाटलं होतं, कारण पाठवलेल्या फोटोत गुलाब होते. इथं पलंगावर झेंडू आणि शेवंती. आत शिरल्या शिरल्या दसऱ्याचा वास. टॉवेलचे दोन हंस केलेले, एकाची मान पडलेली, ते बदक दिसत होतं. आणि पलंगाच्या वर भिंतीवर, जिथं लोक देखाव्याचं चित्र लावतात तिथं, लॅमिनेट केलेली पाटी : 'बेडशीटला हळद किंवा मेहंदीचा डाग पडल्यास २०० रुपये आकारले जातील.' हनिमूनचं पॅकेज विकणाऱ्यानं हळदीच्या डागाचा दंड ठेवावा म्हणजे हलवायानं दुकानात माशी बसली म्हणून गिऱ्हाइकाला बिल लावावं तसं झालं. मी सरळ बॅगेतली माझी चादर काढून अंथरली. व्हॅली व्ह्यू होता, खोटं नाही बोलणार. संडासाच्या खिडकीतून.

आणि दार. दाराला कडी होती, चांगली पितळी, नवीन. पण दार खाली बसलेलं, त्यामुळं कडीचं टोक आणि चौकटीतलं भोक यांची भेटच होत नव्हती, अर्ध्या बोटाचा फरक. ह्यांनी दार उचलून पाहिलं, खांदा लावून पाहिलं, एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं कडी सरकवून पाहिली. नाही. बारा दिवस पडद्याच्या मागं काढलेल्या माणसांना विचारा अर्धं बोट म्हणजे काय असतं. काउंटरवर सांगितलं तर उत्तर आलं, "सर, आपल्याकडं सेफ आहे सगळं, सीसीटीव्ही आहे." सीसीटीव्ही आहे म्हणजे आम्ही आणखीच घाबरलो.

शेवटी दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर बॅग, बॅगेवर केळीची फणी. हे म्हणाले वजन होईल. रात्री नऊला कोणीतरी टकटक केलं, आणि टकटक केल्याबरोबर दार आपोआप आत आलं, खुर्ची सरकली, केळी खाली, आणि तो पोरगा केक हातात घेऊन उभा. आम्ही दोघं पलंगावर मांडी घालून चिवडा खात होतो, तेवढं बरं. केकवर लिहिलेलं 'हॅप्पी ॲनिव्हर्सरी'. आम्ही काही बोललो नाही. बारा दिवसांची ॲनिव्हर्सरी म्हणून कापला. कँडल लाइट डिनर म्हणजे त्याच वेळी लाइट गेली ती, मेणबत्ती त्यांनी दिली, एवढं ते खरं केलं.

आता चांगलं सांगते. पाणी. सकाळी गिझरची बोंब होती, दहा लिटरचा गिझर आणि लाइट येऊन-जाऊन, पण मागच्या अंगणात बंब पेटवलेला होता आणि स्वयंपाकाच्या मावशीनं स्वतः येऊन विचारलं, "पानी काढून देऊ का बाई दोन बादल्या?" ते पाणी अंगावर घेतलं आणि मला वाटलं साबणात काही गडबड आहे. साबण निघेचना. धुतेय धुतेय, अंग बुळबुळीतच. मग लक्षात आलं की गडबड साबणात नाही. सासर आमचं खारपाणपट्ट्यात, तिथं विहिरीचं पाणी असं खारं की साबणाला फेसच येत नाही, डाळ शिजत नाही, लग्नानंतर बारा दिवसांत केस नारळाच्या शेंडीसारखे झालेले. माहेरी पाणी बरं होतं, इतकी वर्षं पाणी म्हणजे काय ते कधी मनातही आलं नाही. इथलं पाणी गोड. केस तीनदा धुतले. हे बाहेरून विचारतात, "झालं का, का दुसरा बंब लावायचा?" बाहेर आले तर अंगणातल्या उन्हात बसून केस वाळवताना मावशी म्हणाली दर्यापूरचे पाहुणे सगळे असेच न्हाणीतून लवकर निघत नाहीत.

नंतर देवी पॉइंटला गेलो तर तिथं कपारीत देवी आहे, वरच्या खडकातून थेंब थेंब पाणी गळत राहतं, आणि चंद्रभागा नदी इथूनच निघते असं सांगतात. चंद्रभागा म्हणजे आमची, दर्यापूरजवळून वाहते ती. ह्यांनी ओंजळीत पाणी धरलं, प्यायले, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "इथं तं गोड आहे बे." मला 'बे' म्हणायचं नव्हतं त्यांना, तोंडातून गेलं, मग जीभ चावली. बारा दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा ते मित्राशी बोलावं तसं बोलले होते, मला काही राग नाही आला.

जेवण मात्र पॅकेजमधलं आणि पॅकेजबाहेरचं असं दोन प्रकारचं. पॅकेजमधलं म्हणजे पनीरची लाल भाजी, जी अमरावतीपासून काश्मीरपर्यंत एकाच पातेल्यातून येत असावी. दुसऱ्या दिवशी मी मावशीला म्हटलं तुम्ही घरी जे करता ते द्या. मावशी जवळच्याच एका कोरकू आदिवासींच्या गावातली, आधी लाजली, मग मक्याची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत आणि कुटकीचा भात आला. कुटकी मी पहिल्यांदा खाल्ली. बारीक दाणा, भगरीच्या जवळपास जाणारा, पण चुलीवरचा थोडा धुरकट वास आणि वरून वरण. ह्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. याचे काहीच लावले नाहीत, मीच मावशीच्या हातात दिले तर घेईना, शेवटी तिच्या नातीसाठी म्हणून स्ट्रॉबेरीचा डबा दिला तर हसली, म्हणाली, "पोरगी तेच तोडायले जाते रोज." लॉजवाल्यांनो, तुमच्या जाहिरातीत केकचा फोटो काढा आणि त्या भाकरीचा टाका, फुकटचा सल्ला देते.

कॉफीवर मला जास्त बोलायचं आहे. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, आपल्या महाराष्ट्रात कॉफीचं नाव घेतलं की लोक हेच गाव सांगतात, शाळेच्या भूगोलात आम्ही पाठ केलेलं. पॅकेजमध्ये छापलंय अस्सल लोकल कॉफी. आली काय तर गरम दुधाचा कप आणि बाजूला दोन रुपयांची पुडी. तीच, जी आमच्या गावच्या किराणा दुकानात दाराला माळ करून टांगलेली असते. मी विचारलं लोकल कुठली, तर पोरगा म्हणाला, "मॅडम, लोकल दुकानातूनच आणली आहे." ह्याच्यावर काय बोलणार. शेवटी गावात फिरताना एका छोट्या दुकानात भाजलेल्या बिया दळलेली पूड मिळाली, पाव किलो घेतली. घरी केली तर सासूबाई म्हणाल्या जळली वाटते. सासरे मात्र रोज मागतात. रबडी आणि खवा मात्र डोळे मिटून घ्या, मेळघाटातल्या गवळ्यांचा खवा आहे, त्यात कोणी फसवत नाही, निदान आम्हाला तरी नाही फसवलं.

प्रायव्हेट गाडी म्हणजे जीप, आणि जीपमध्ये आधीच अकोल्याचं एक कुटुंब, नवरा-बायको, दोन पोरं आणि आजी. ड्रायव्हर म्हणाला ॲडजस्ट करा, सीझन आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, खरंच गर्दी होती, पण मग प्रायव्हेट लिहू नका. अकोल्याच्या आजीनं पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, लग्न कधी झालं, हुंडा किती दिला, कुळ कोणतं, आणि पोरगा काय करतो. हे आयटीआय फिटर झालेत आणि शेती करतात असं सांगितल्यावर आजी म्हणाली, "मंग चांगला आहे, हाताचं काम येते." आजी आमच्याबरोबर सगळ्या पॉइंटला होती. फोटोत पण आहे. खरं सांगू, नंतर तिचाच आधार वाटला, दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं तेव्हा तीच बोलायची.

पॉइंट सगळे काही सांगत बसत नाही. भीमकुंड पहा, भीमानं कीचकाला मारून इथं दरीत टाकलं आणि कुंडात हात धुतले अशी गोष्ट आहे, कीचकदराचं चिखलदरा झालं म्हणतात. डिसेंबरात धबधबे जवळपास आटलेले असतात, धबधब्यासाठी यायचं तर पावसाळ्यात या. इंग्रजांना हे ठिकाण १८२३ मध्ये सापडलं म्हणे, हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन, ड्रायव्हरनं हे प्रत्येक पॉइंटला नव्यानं सांगितलं. गवळी आणि कोरकू तिथं आधीपासून राहतच होते ना, म्हणजे सापडलं कोणाला, असं अकोल्याच्या पोरानं विचारलं तेव्हा ड्रायव्हरनं गाणी लावली.

पंचबोल पॉइंटला आवाज पाच वेळा परत येतो. तिथं रांग होती. एकेक जण पुढं जाऊन बायकोचं, पोराचं नाव ओरडत होता. आमचा नंबर आला, आजी मागून म्हणते, "घे नाव, उखाण्यात घे." मला तर काही सुचेना. हेच पुढं झाले आणि दरीकडं तोंड करून ओरडले, "आरं, हाय का कोनी?" दरीनं हाय का कोनी, हाय का कोनी करत परत दिलं, आणि सगळं शांत झाल्यावर पलीकडच्या कड्यावरून कोणीतरी माणूस ओरडला, "हाव, हाय ना! काय पायजे?" सगळी रांग हसली. माझं हसू तर थांबेचना. हे इतके गंभीर तोंडाचे आणि आत असं काही असेल हे मला बारा दिवसांत कळलं नव्हतं.

गाविलगडला मात्र वेळ काढून जा, पायात चांगले बूट घाला, चपलेनं जाऊ नका, मी गेले. किल्ला व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला मेळघाट एक, त्यामुळं नाक्यावर नोंद करून वेळेत बाहेर यावं लागतं. एका दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय, तो चुकवू नका. आत तलाव आहेत, मशीद आहे, तोफा पडलेल्या आहेत. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांच्या वेलस्लीनं हा किल्ला घेतला आणि त्याच महिन्यात ३० तारखेला आमच्या सुर्जी अंजनगावला शिंद्यांबरोबर तह झाला. हे मला पाठ आहे कारण शाळेत दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, आपल्या गावचं नाव इतिहासात कशासाठी आलं सांगा. मी तटावर उभी राहून ह्यांना सांगत होते की आमच्या माहेरच्या गावात इंग्रजांनी सह्या घेतल्या, तर हे म्हणतात, "म्हणजे आमच्या आधी पण तुमच्या गावात कोणीतरी हरूनच आलं." बोलायला लागलं की असं बोलतात.

आता कडीवर परत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीहून आले तर हे दारापाशी उकिडवे बसलेले, दार अर्धं उघडं, आणि तोंडात स्क्रू. मावशीकडून पेचकस मागून आणलेला. मला म्हणाले, "कडी खराब नाही, वरची बिजागरी ढिली आहे. स्क्रूची भोकं मोठी झाली, म्हणून दार झुकते." मग काड्यापेटी मागितली. चार काड्यांची डोकी मोडली, काड्या त्या भोकात घट्ट खोचल्या, उरलेला भाग नखानं तोडला, आणि मला म्हणाले, "दार उचलून धर, मी सांगतो तवा सोडजो." मी दोन्ही हातांनी दार उचलून धरलंय, ओल्या केसांचं पाणी पाठीवर गळतंय, चुड्याच्या बांगड्या दारावर वाजताहेत, आणि हे एकेक स्क्रू पिळताहेत. तोंडात स्क्रू असताना माणूस तोंड उघडत नाही, पण ह्यांनी नेमकं त्याच वेळी बोलणं सुरू केलं. आयटीआयचं सांगितलं, पुण्याला कंपनीत लागले होते ते सांगितलं, वडिलांचं ऑपरेशन निघालं म्हणून सोडून आले ते सांगितलं. मला बघायला आले होते त्या दिवशी पोहे खारट होते हे पण सांगितलं. मी म्हटलं ते वहिनीनं केले होते. शेवटचा स्क्रू बसला, म्हणाले, "सोड." सोडलं. कडी सरकवली, टक्कन बसली.

काउंटरवरच्या पोराला दाखवलं तर त्यानं आमचं कौतुक केलं आणि विचारलं, "सर, एकशे चार नंबरचं पण पाहता का?" ह्यांनी पाहिलं असतं, मीच नको म्हटलं. बिलात काही कमी झालं नाही, हे नोंदवून ठेवते. साडेआठ हजारात आम्ही त्यांचं दार दुरुस्त करून दिलं.

नेटवर्कबद्दल : रूममध्ये नाही. पाण्याच्या टाकीच्या मागं एक जागा आहे तिथं एक-दोन काड्या येतात, रात्री आठला सगळ्या लॉजची मंडळी तिथं कानाला फोन लावून उभी. सासूबाईंचा फोन, "जेवले का? थंडी हाय का लय? सुनेले दे." मग नणंद, मग आत्या, मग शेजारच्या काकू कारण त्या सहज आलेल्या. आणि त्यातच ठरलं की परत येताना बहिरमला थांबा, आम्ही सगळे गाडी करून येतो. मी ह्यांच्याकडं पाहिलं, ह्यांनी टाकीकडं पाहिलं.

तर तिसऱ्या दिवशी आमचा हनिमून बहिरमच्या यात्रेत संपला, चौदा माणसांत. बाहेरच्यांना सांगते, परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याला बहिरमबाबाचं ठाणं आहे, डिसेंबरच्या शेवटाकडं यात्रा भरते ती जानेवारीभर चालते, मातीच्या हंडीत शिजवलेलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे यासाठी लोक कुठून कुठून येतात. छोट्या हत्ती टेम्पोतून सगळं घर उतरलं, आत्या पाण्याची बाटली घेऊन सगळ्यात पुढं. मला कोणी काही विचारलं नाही, नणंदेनं फक्त केसांना हात लावला आणि म्हणाली, "वैनी, हे मऊ कसे झाले?" हंडी चुलीवर चढली, सासरे स्वतः रोडगे फोडत होते, तूप वर ओतत होते, आणि तेवढ्यात हे गायब.

आले तर हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. यात्रेत लोखंडी सामानाची दुकानं लागतात, विळे, कोयते, खलबत्ते, तव्यांची रास, त्यातून एक कडी-कोयंडा घेतलेला, चांगला वजनदार, सोबत सहा स्क्रू. सासूबाईंनी कागद उघडून पाहिला.

"काऊन रे, हे कायले?"

"गोठ्याले," हे म्हणाले.

गोठ्याला आमच्या दार नाही, नुसता आडवा बांबू आहे. सासूबाईंनी ह्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि कागद पुन्हा गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवला, वरून रोडगे. "हाव," म्हणाल्या, "गोठ्याले लागतेच."

गेल्या रविवारी सुतार येऊन पडद्याच्या जागी दार बसवून गेला, कडी ह्यांनी लावली. कापूस अजून आतच आहे, भाव काही सरकला नाही.